सीटबेल्टचा कायदा आणि पोलिसांचा अधिकार : अमेरिकेतील अंमलबजावणीविषयक वादाचा ऐतिहासिक आढावा (१९६६ ते २०१६)

१. प्रस्तावना

मोटारीतील सीटबेल्ट अथवा आसनपट्टा ही अत्यंत साधी वस्तू आहे. तिच्या इतिहासात राज्यसंस्था, नागरिक आणि पोलीस यांच्या परस्परसंबंधांविषयीचे मूलभूत प्रश्न दडलेले असतील, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. हा पट्टा प्राण वाचवितो, याविषयी आज तज्ज्ञांमध्ये मतभेद नाहीत. मोटारीच्या पुढील आसनावरील व्यक्तीने कंबर आणि खांदा या दोन्हींवरून जाणारा पट्टा लावलेला असल्यास अपघातात मृत्यू येण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे अनुमान आहे. तरीही अमेरिकेसारख्या जगात सर्वांत आधी मोटारमय झालेल्या देशात या पट्ट्याच्या सक्तीवरून प्रदीर्घ वाद झाला, आणि तो आजही पूर्णतः शमलेला नाही.

या वादाकडे 'व्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध लोककल्याण' अशा सरळ चौकटीतून पाहण्याची प्रथा आहे. ती चौकट चुकीची नसली तरी अपुरी आहे. अमेरिकेतील चर्चेचा इतिहास बारकाईने पाहिल्यास त्यात दोन वेगळे प्रश्न आढळतात. पहिला प्रश्न, प्रौढ नागरिकाला स्वतःच्याच रक्षणासाठी भाग पाडण्याचा शासनाला अधिकार आहे काय? दुसरा प्रश्न, असा कायदा केल्यास तो अमलात आणण्यासाठी पोलिसाच्या हाती कोणता अधिकार द्यावा लागेल आणि त्या अधिकाराचा भार कोणावर पडेल? पहिल्या प्रश्नाची चर्चा अधिक गाजली. दुसऱ्या प्रश्नाची चर्चा तुलनेने उशिरा सुरू झाली; परंतु कायद्याच्या प्रत्यक्ष रूपावर तिचाच परिणाम अधिक खोल झाला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, अखेरीस महाराष्ट्रातील अलीकडच्या अनुभवाशी त्याची मर्यादित तुलना केली आहे.

२. यंत्राकडून माणसाकडे

स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंवर जोडला जाणारा आसनपट्टा सिद्ध केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. अमेरिकेत मात्र त्या काळी रस्त्यावरील मृत्यूचे खापर प्रामुख्याने चालकाच्या बेपर्वाईवर फोडले जात असे. राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोष वाहनाच्या रचनेतही असू शकतो, हा विचार लोकमानसात रुजला. पुढील वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यान्वये १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे बसविणे उत्पादकांवर बंधनकारक झाले.

पट्टा बसविणे आणि पट्टा लावणे या भिन्न गोष्टी आहेत, हे लवकरच स्पष्ट झाले. बहुसंख्य चालक समोर लटकणाऱ्या पट्ट्याकडे ढुंकूनही पाहत नसत. तेव्हा केंद्रीय प्रशासनाने यंत्राकरवी सक्ती करण्याचा मार्ग अवलंबिला. १९७४ च्या नमुन्याच्या मोटारींत अशी योजना करण्यात आली की, पुढील आसनावरील व्यक्तींनी पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये. आसनावर किराणा मालाची पिशवी ठेवली किंवा पाळीव कुत्रा बसला, तरी यंत्र त्यास प्रवासी समजून मोटार सुरू होऊ देत नसे. लोकक्षोभ इतका उसळला की, अमेरिकी काँग्रेसने ऑक्टोबर १९७४ मध्ये ही सक्ती रद्द केली. पट्टा न लावल्याची आठवण देणारा भोंगा आठ सेकंदांहून अधिक काळ वाजण्याची सक्ती करण्यासही प्रशासनाला मनाई झाली.

या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व त्यातील विनोदी तपशिलांपेक्षा मोठे आहे. यंत्राची सक्ती जाचक होती, पण ती सर्वांवर सारखी होती. श्रीमंत-गरीब, गोरा-काळा, गावातला-परगावचा असा भेद ते यंत्र करीत नव्हते. अमेरिकी समाजाने ती सक्ती झिडकारली आणि दहा वर्षांनंतर तिच्या जागी माणसाची, म्हणजे पोलिसाची, सक्ती स्वीकारली. पोलिसाला मात्र डोळे असतात आणि पूर्वग्रहही असू शकतात. पुढील सर्व वादाचे बीज या अदलाबदलीत आहे.

३. १९८४ चा निर्णय

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एअरबॅगसारखी स्वयंचलित संरक्षक साधने सक्तीची करण्याचा प्रश्न पुढे आला. कार्टर प्रशासनाने तसा नियम केला. रेगन प्रशासनाने १९८१ मध्ये तो मागे घेतला. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो मागे घेण्याची कृती मनमानी ठरविली. या पेचातून मार्ग काढताना परिवहनमंत्री एलिझाबेथ डोल यांनी जुलै १९८४ मध्ये एक विलक्षण अट घातली. १ एप्रिल १९८९ पर्यंत देशाच्या दोन-तृतीयांश लोकसंख्येला लागू होतील इतक्या राज्यांनी पुरेसे कडक सीटबेल्ट कायदे केले, तर उत्पादकांवरील स्वयंचलित साधनांची सक्ती उठविण्यात येणार होती.

याचा परिणाम तत्काळ दिसला. एरवी शासकीय नियमनाला विरोध करणाऱ्या मोटार उत्पादकांनीच राज्याराज्यांत सीटबेल्ट कायद्यांसाठी मोहीम उभारली आणि तिला मोठे अर्थसाहाय्य पुरविले. म्हणजे, सक्ती उत्पादकावरून उचलून नागरिकावर ठेवण्याची ही व्यवस्था होती. त्यामुळे कायद्याच्या विरोधकांना, हा कायदा कंपन्यांच्या सोयीसाठी आला आहे, असे म्हणण्यास जागा मिळाली आणि ते म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते.

पहिला कायदा न्यूयॉर्क राज्याने केला. गव्हर्नर मारिओ क्युओमो यांच्या कारकिर्दीत संमत झालेला हा कायदा १ डिसेंबर १९८४ रोजी अमलात आला आणि जानेवारी १९८५ पासून ५० डॉलरपर्यंतच्या दंडाची आकारणी सुरू झाली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. पट्टा वापरणाऱ्यांचे राष्ट्रीय प्रमाण ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी अवघे १४ टक्के होते. १९९० मध्ये ते ४९ टक्क्यांपर्यंत पोहोचले.

४. 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' अंमलबजावणी

या कायद्यांमध्ये एक महत्त्वाचा भेद होता. न्यूयॉर्क, टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या मोजक्या राज्यांत पट्टा न लावणे हे वाहन थांबविण्याचे स्वतंत्र व पुरेसे कारण मानले गेले. या पद्धतीस 'प्राथमिक अंमलबजावणी' म्हणतात. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आदी बहुसंख्य राज्यांनी 'दुय्यम अंमलबजावणी'चा मार्ग पत्करला. तेथे पोलिसाने अन्य एखाद्या नियमभंगासाठी वाहन थांबविले असेल, तरच त्याला पट्ट्याबद्दल दंड करता येई. केवळ पट्टा दिसला नाही म्हणून त्याला वाहन अडविता येत नसे.

हा भेद समजून घेण्यासाठी अमेरिकी राज्यघटनेकडे वळावे लागते. ब्रिटनमध्ये गणवेशधारी पोलीस कोणतेही विशिष्ट कारण न देता वाहन थांबवू शकतो. त्यामुळे ३१ जानेवारी १९८३ पासून तेथे पट्ट्याची सक्ती झाली तेव्हा स्वातंत्र्याच्या तत्त्वावरून संसदेत बरीच वादावादी झालेली असली, तरी पोलिसाच्या अधिकाराचा स्वतंत्र प्रश्न फारसा उद्भवला नाही. पट्टा लावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून अल्पावधीत ९० टक्क्यांच्या वर गेले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तर डिसेंबर १९७० मध्येच अशी सक्ती केली होती. अमेरिकेत मात्र चौथी घटनादुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडती व अटकाव यांपासून संरक्षण देते. सर्वोच्च न्यायालयाने डेलावेअर विरुद्ध प्राउझ या १९७९ च्या खटल्यात असे ठरविले की, नियमभंगाचा वाजवी संशय नसताना पोलिसाने आपल्या मर्जीने एखादे वाहन निवडून थांबविणे घटनाबाह्य आहे. साहजिकच, अमेरिकेत वाहन थांबविण्यासाठी कारण हवे. आणि जो जो नवा नियमभंग 'प्राथमिक' ठरतो तो तो पोलिसाच्या हाती एक नवे कारण देतो.

हे कारण सामान्यही नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी दर सातपैकी सहा व्यक्ती पट्टा लावत नसत. अशा स्थितीत प्राथमिक अंमलबजावणी म्हणजे बहुसंख्य मोटारींपैकी हवी ती मोटार थांबविण्याची मुभा, असा तिचा व्यावहारिक अर्थ होत होता. दुय्यम अंमलबजावणी ही त्यावरची तडजोड होती. कायद्याच्या समर्थकांना कायदा मिळाला आणि संशयी लोकप्रतिनिधींना आपण पोलिसाचा अधिकार वाढविलेला नाही, असे मतदारांस सांगता आले.

तडजोडीची किंमतही होती. १९९३ च्या आरंभी कॅलिफोर्नियाने दुय्यम अंमलबजावणी सोडून प्राथमिक अंमलबजावणी स्वीकारली, तेव्हा पट्ट्याच्या वापरात लक्षणीय वाढ झाली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात गव्हर्नर जिम हंट यांच्या पुढाकाराने 'क्लिक इट ऑर टिकेट' ही मोहीम सुरू झाली. ठिकठिकाणी तपासणीनाके उभारून आणि त्यांची आगाऊ प्रसिद्धी करून राबविलेल्या या मोहिमेने तेथील वापर सुमारे ६५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांच्या पुढे नेला. उपदेशाने जे साधले नव्हते ते दंडाच्या शक्यतेने साधले. तेव्हापासून सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचे मत प्राथमिक अंमलबजावणीच्या बाजूने ठाम होत गेले.

५. मतपेटीतून आलेला विरोध

कायद्याला होणारा विरोध केवळ वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारापुरता नव्हता. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ च्या आरंभी सीटबेल्ट कायदा लागू झाला. बोस्टनमधील लोकप्रिय रेडिओ निवेदक जेरी विल्यम्स यांनी त्याविरुद्ध मोहीम चालविली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या सार्वमतात मतदारांनी तो कायदा रद्द केला. नेब्रास्कामध्येही त्याच वेळी तसेच घडले. पुढे दोन्ही राज्यांनी पुन्हा कायदे केले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९४ च्या सार्वमतात मतदारांनी या वेळी कायदा कायम ठेवला. आठ वर्षांत लोकमत बदलले होते. पण कायदा परत आला तो दुय्यम अंमलबजावणीच्याच रूपात. न्यू हॅम्पशायर राज्यात तर प्रौढांना पट्ट्याची सक्ती करणारा कायदा आजही नाही.

या टप्प्यावरील विरोधकांची मांडणी जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात मांडलेल्या तत्त्वाशी जुळणारी होती. इतरांना होणारी इजा टाळण्यासाठीच व्यक्तीवर बंधन घालता येते, तिच्या स्वतःच्या हितासाठी नव्हे, असे ते तत्त्व आहे. समर्थकांचे उत्तर असे की, रुग्णालयाचा खर्च, विम्याचे वाढते हप्ते आणि निराधार झालेली कुटुंबे यांचा भार शेवटी समाजावरच पडतो. अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्येच एक तिसरा मुद्दा उपस्थित केला होता. सुरक्षिततेची जाणीव वाढली की चालक अधिक धोका पत्करतो आणि त्याची झळ पादचाऱ्यांना बसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर पुष्कळ संशोधन झाले. मात्र पट्ट्यामुळे होणारा लाभ अशा प्रतिक्रियेने पुसला जातो, हे म्हणणे सर्वसाधारणपणे मान्य झाले नाही.

या सर्व युक्तिवादांत एक गोष्ट समान होती. त्यांतील 'नागरिक' हा अमूर्त, वर्णहीन नागरिक होता. नव्वदच्या दशकात वादात जो पक्ष नव्याने उतरला त्याने नेमक्या याच गृहीताला आव्हान दिले.

६. कोणाला थांबविले जाते?

नव्वदच्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या एका जुन्या तक्रारीला सार्वजनिक चर्चेत स्थान मिळाले. महामार्गावर आपली मोटार विनाकारण अडविली जाते, क्षुल्लक नियमभंगाची सबब सांगून झडती घेतली जाते, अशी ही तक्रार होती. न्यू जर्सीतील एका न्यायालयाने १९९६ मध्ये तेथील टर्नपाइकवर राज्य पोलीस वर्णाच्या आधारे वाहने थांबवीत असल्याचा निष्कर्ष नोंदविला. एप्रिल १९९८ मध्ये याच महामार्गावर पोलिसांनी थांबविलेल्या एका व्हॅनवर गोळीबार झाला. तीत चार तरुण होते. त्यांपैकी एकही गोरा नव्हता. या घटनेने प्रकरण देशभर गाजले. १९९९ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी हा भेदभाव खरा असल्याची जाहीर कबुली दिली आणि वर्षअखेरीस राज्य पोलीस दल केंद्रीय देखरेखीखाली आले.

दरम्यान, सर्वोच्च न्यायालयाने जून १९९६ मध्ये रेन विरुद्ध अमेरिका या खटल्यात एकमताने दिलेल्या निकालाने चित्र अधिक गुंतागुंतीचे केले होते. वाहतुकीचा नियम खरोखर मोडला गेला असेल, तर पोलिसाच्या मनात दुसराच हेतू असला तरी चौथ्या घटनादुरुस्तीच्या दृष्टीने वाहन थांबविणे वैध ठरते, असे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिले. वर्णभेदाची तक्रार असेल, तर समान संरक्षणाच्या कलमाखाली दाद मागावी, असा मार्ग न्यायालयाने दाखविला. परंतु रस्त्यावर घडलेल्या एकट्यादुकट्या प्रसंगात हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्यप्राय असते.

या पार्श्वभूमीवर प्राथमिक अंमलबजावणीचा प्रस्ताव वेगळाच दिसू लागला. अनेक राज्य विधिमंडळांतील कृष्णवर्णीय सदस्य त्याला विरोध करू लागले. त्यांचा विरोध पट्ट्याला नव्हता. तो थांबविण्याच्या आणखी एका सबबीला होता. त्यांच्यापुढील पेच खरोखरच अवघड होता. कृष्णवर्णीय समाजात पट्ट्याचा वापर तुलनेने कमी होता आणि तेथील मुले व तरुण यांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत मोटार अपघातांचा समावेश होता. म्हणजे, ज्या समाजाला कायद्याच्या अंमलबजावणीचा लाभ सर्वाधिक होण्याजोगा होता, त्याच समाजाला अंमलबजावणी करणाऱ्यांची भीतीही सर्वाधिक होती.

नॅशव्हिल येथील मेहॅरी मेडिकल कॉलेज ही कृष्णवर्णीय डॉक्टर घडविणारी ऐतिहासिक संस्था आहे. दशकाच्या अखेरीस तिने या पेचाचा विचार केला आणि प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा म्हणून हाताळावा, प्राथमिक अंमलबजावणी स्वीकारावी, पण तिला पोलिसी छळापासून संरक्षणाची जोड द्यावी, अशी भूमिका घेतली. काही कायद्यांत या विचाराचे प्रतिबिंब उमटले. मिशिगनने २००० मध्ये प्राथमिक अंमलबजावणी स्वीकारताना, ती प्राण वाचविण्याच्या रीतीने व्हावी, नागरिकांचा छळ होईल अशा रीतीने नव्हे, असा विधिमंडळाचा हेतू कायद्यातच नमूद केला. इलिनॉयच्या कायद्यानुसार केवळ पट्टा न लावल्याच्या कारणावरून वाहनाची वा व्यक्तीची झडती घेता येत नाही. न्यू जर्सीनेही २००० मध्येच, म्हणजे टर्नपाइकच्या कबुलीनंतर वर्षभरात, प्राथमिक अंमलबजावणी स्वीकारली. ही सान्निध्यता योगायोगाची असली तरी बोलकी आहे.

७. लागो व्हिस्टाचा खटला

पोलिसाच्या अधिकाराचा प्रश्न केवळ वर्णाशी निगडित नाही, हे टेक्सासमधील लागो व्हिस्टा या लहान नगरातील एका प्रकरणाने दाखविले. मार्च १९९७ मध्ये एक गृहिणी आपल्या दोन लहान मुलांसह मोटारीतून जात होती. तिघांपैकी कोणीही पट्टा लावलेला नव्हता. पोलिसाने मोटार थांबविली, तिला हातकड्या घातल्या आणि ठाण्यावर नेले. तेथे तिचे छायाचित्र घेऊन तिला सुमारे तासभर कोठडीत ठेवण्यात आले. नंतर ३१० डॉलरच्या जामिनावर तिची सुटका झाली. ज्या अपराधासाठी हे सारे घडले, त्याला कायद्याने कमाल शिक्षा ५० डॉलर दंडाची होती. तुरुंगवासाची तरतूदच नव्हती.

एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही अटक घटनासंमत ठरविली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी त्या स्त्रीला निष्कारण अपमान सोसावा लागला, हे मान्य केले. तथापि, प्रत्येक प्रसंगी अटक आवश्यक होती की नाही हे न्यायालयाने तोलत बसावे, असा नियम पोलिसांना रस्त्यावर पाळता येण्याजोगा नाही, असे त्यांचे मत पडले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी भिन्नमतपत्रिकेत असा इशारा दिला की, इतक्या क्षुल्लक अपराधासाठी अटकेची निरंकुश मुभा दिल्यास तिचा गैरवापर होण्याचा संभव मोठा आहे. वर्णाधारित अडवणुकीची चर्चा चालू असताना तर हा धोका दृष्टिआड करता येणार नाही.

या निकालाचा बोध असा की, अधिकाराला मर्यादा घालायची असेल तर ती न्यायालयाकडून आपोआप येणार नाही. ती कायदा करतानाच विधिमंडळाने घालावी लागेल.

८. नोंद ठेवण्याचे महत्त्व

अशी मर्यादा घालण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न फ्लोरिडात आढळतो. तेथे जून २००९ च्या अखेरीस प्राथमिक अंमलबजावणी सुरू झाली. पट्ट्याबद्दल ज्यांना दंड झाला त्यांच्या वंशाची नोंद ठेवून पोलीस यंत्रणांनी तिचा वार्षिक अहवाल पाठवावा, अशी तरतूद तेथील कायद्यात आहे. या नोंदींच्या आधारे नागरी स्वातंत्र्यासाठी कार्य करणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने जानेवारी २०१६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये कृष्णवर्णीय चालकांवर पट्ट्याबद्दल कारवाई होण्याचे प्रमाण गोऱ्या चालकांच्या जवळजवळ दुप्पट होते, असे त्यात दाखविण्यात आले. अनेक यंत्रणांनी अहवाल पाठविण्याचे कायदेशीर कर्तव्य पार पाडले नसल्याचेही त्यातून उघड झाले.

ही आकडेवारी सावधपणे वाचणे आवश्यक आहे. पट्टा न लावणाऱ्यांचे प्रमाण सर्व गटांत सारखे नसते. त्यामुळे कारवाईतील तफावतीचा काही भाग वापरातील तफावतीमुळेही संभवतो. केवळ या आकड्यांवरून प्रत्येक पोलिसाच्या हेतूविषयी निष्कर्ष काढता येत नाही. परंतु मुद्दा वेगळा आहे. नोंद होती म्हणून प्रश्न विचारता आला, त्याचे उत्तर मागता आले आणि त्या उत्तराची चिकित्साही करता आली. जेथे नोंदच नाही तेथे एका बाजूला अनुभव आणि दुसऱ्या बाजूला इन्कार एवढेच शिल्लक राहते.

याच काळात पट्ट्याचा राष्ट्रीय वापर २००० मधील ७१ टक्क्यांवरून २०१० मध्ये ८५ टक्के आणि २०१६ मध्ये ९० टक्क्यांवर पोहोचला. कायद्याचे यश निर्विवाद होते. त्या यशाची किंमत सर्वांनी सारखी मोजली काय, हा प्रश्न मात्र खुला राहिला.

९. महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ (३) अन्वये चालक व पुढील आसनावरील व्यक्ती यांच्यासह मागील आसनावर समोर तोंड करून बसणाऱ्यांनीही पट्टा लावणे अपेक्षित आहे. प्राथमिक व दुय्यम असा भेद आपल्या कायद्यात नाही. तथापि, मागील आसनाबाबतचा नियम दीर्घकाळ कागदावरच राहिला. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांचे, आणि ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. दोघेही मागील आसनावर होते आणि दोन्ही वेळी पट्ट्याची चर्चा अचानक उसळली. दुसऱ्या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना पट्ट्याची सक्ती जाहीर केली. तेव्हा जुन्या टॅक्सींच्या मागील आसनांना पट्टेच नाहीत, मग प्रवाशाने लावावे काय आणि दंड चालकाने का भरावा, असा व्यवहार्य प्रश्न टॅक्सीचालकांच्या संघटनांनी उपस्थित केला.

आपल्याकडील वादाचा सूर अमेरिकेहून निराळा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पट्ट्याचा दंड शंभर रुपयांवरून एक हजार रुपयांवर नेला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने वाढीव दंडाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. पुण्यातील हेल्मेटसक्तीविरोधी आंदोलनाप्रमाणेच येथेही आक्षेप प्रामुख्याने दंडाच्या रकमेवर, रस्त्यांच्या दुरवस्थेवर आणि चौकात होणाऱ्या चिरीमिरीवर होता. थांबविले कोणाला जाते, हा प्रश्न आपल्या चर्चेत क्वचितच येतो. २०१६ पासून मुंबईत सुरू झालेल्या ई-चलान पद्धतीने चौकातील घासाघीस काही अंशी कमी केली. कॅमेरा चेहरा पाहून सवलत देत नाही. पण जेथे कॅमेरा नाही तेथे हात दाखवून कोणते वाहन बाजूला घ्यायचे, हा निर्णय आजही व्यक्तीचाच असतो. दुचाकीस्वार, मालवाहू टेम्पो, परजिल्ह्याची पाटी असलेले वाहन आणि महागडी मोटार यांना त्या हाताचा अनुभव सारखा येतो काय, याची पद्धतशीर नोंद ठेवल्यास अभ्यासकांना एक महत्त्वाचे क्षेत्र उपलब्ध होईल.

१०. समारोप

अमेरिकेतील अर्धशतकाच्या या इतिहासातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, कायद्याने केवळ कर्तव्य सांगून लोकांची सवय बदलली नाही. दंडाची खरीखुरी शक्यता निर्माण झाल्यावरच ती बदलली. या अर्थी प्राथमिक अंमलबजावणीच्या समर्थकांचे म्हणणे इतिहासाने खरे ठरविले. दुसरा, ही शक्यता निर्माण करण्यासाठी जो अधिकार द्यावा लागला तो समाजातील सर्व घटकांनी सारख्या विश्वासाने स्वीकारावा, अशी परिस्थिती नव्हती. त्या अविश्वासाला पूर्वानुभवाचा आधार होता. त्यास अज्ञान अथवा हट्ट म्हणून बाजूला सारणे इतिहासाला धरून होणार नाही. तिसरा, या दोन्ही सत्यांचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न झाले, म्हणजे झडतीला मनाई, छळाविरुद्ध स्पष्ट उद्देशकथन, कारवाईची जाहीर नोंद, ते सर्व कायद्याच्या मसुद्यातून आले. चांगुलपणाच्या आवाहनातून आले नाहीत.

१९७४ मध्ये अमेरिकेने सर्वांना सारखे अडविणारे यंत्र नाकारले. त्यानंतर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाकडून तीच समता कशी मिळवावी, हा प्रश्न तिला सोडविता आलेला नाही. नागरिकाच्या हिताचा कायदाही नागरिकापर्यंत पोहोचतो तो पोलिसाच्या हातून. म्हणून त्याचे मूल्यमापन वाचलेल्या प्राणांच्या संख्येने करावे लागते, तसेच थांबविलेल्या वाहनांच्या नोंदीनेही करावे लागते. यांपैकी पहिली संख्या आपण आज ना उद्या मोजू शकतो. दुसरी नोंद ठेवण्याची इच्छा मात्र आधी कायदा करणाऱ्यांच्या ठायी असावी लागते.